लवेची दिशा

मराठी माणसाच्या घरात गालिचा हा तसा पाहुणाच. आपल्या जमिनीवर खरा अधिकार सतरंजीचा, जाजमाचा, घोंगडीचा आणि फार झाले तर चटईचा. यांतली नावेही काही सगळी इथली नव्हेत. सतरंजी बुद्धिबळाच्या पटावरून आली, जाजम आणि गालिचा दूरच्या फारसी-तुर्की वाटा तुडवीत आले. पण सतरंजी आणि जाजम आपण इतक्या वेळा मळवली, धुतली, वाळवली, लग्नामुंजींत शेजाऱ्यांना दिली आणि परत मागून आणली, की ती घरचीच झाली. गालिच्याला ते भाग्य लाभले नाही. बालकवींच्या ‘फुलराणी’ने शाळकरी वयात आमच्या डोळ्यांपुढे जो अंथरला तो हिरवळीचा होता. त्याला झटकावे लागत नाही, त्याला कसर लागत नाही, त्यावर चहा सांडला तर कोणी रागावत नाही. खरा गालिचा बहुतेकांनी पाहिला तो फोटोग्राफरच्या स्टुडिओत, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात, दोरीच्या अलीकडून.

१९७४ साली लग्न होऊन मी पुण्याहून दिल्लीस आले तेव्हा माझ्या सामानात दोन सोलापुरी चादरी आणि एक निळ्या पट्ट्यांची सतरंजी होती. दिल्लीची थंडी सतरंजीला मोजत नाही. डिसेंबरात मोझेइकच्या फरशीतून जो गारठा वर येतो तो दोन पदरी सतरंजीतूनही तळपायाला शोधून काढतो. उत्तरेकडच्या मध्यमवर्गीय घरांत गालिचा ही चैन नसून ऋतूची गरज आहे, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळले. दिवाळी झाली की तो अंथरायचा आणि होळीच्या आत उचलायचा. मेमधली धूळ आणि श्रावणातली ओल, या दोन्ही वैऱ्यांच्या तावडीत त्याला द्यायचे नाही. हा नेम मला शिकवला तो माझ्या सासूबाईंनी. त्यांना घरात सगळे माई म्हणत. माईंचे माहेर ग्वाल्हेरचे. तिथल्या जुन्या मराठी वाड्यांत गालिच्यांचा राबता होता, आणि त्यांची निगा राखण्याची विद्या त्यांनी पुरणपोळीइतक्याच गांभीर्याने आत्मसात केली होती.

माईंनी पहिला धडा दिला तो हाताने. आमच्याकडे तेव्हा एक लहानसा, बहुधा मिर्झापूरकडचा, लोकरी गालिचा होता. त्यावर त्यांनी माझा तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, आधी मांजराच्या पाठीवरून फिरवतेस तसा फिरव.” एका बाजूने हात सरळ घसरला, उलट फिरवताच लव उभी राहिली. गालिच्याची गाठ मारली की विणकर धागा खाली ओढून कापतो. काम खालून वर चढत जाते, म्हणून प्रत्येक गाठीची लव विणकामाच्या आरंभाकडे कललेली राहते. हात ज्या टोकाकडे सुळसुळीत जातो ते टोक आधी विणलेले. त्या टोकाशी उभे राहून पाहिले तर रंग गडद दिसतात, दुसऱ्या टोकाकडून तोच गालिचा फिकट, जरा रुपेरी भासतो. झाडणे, पुसणे, गुंडाळणे, सारे काही लवेच्या दिशेने करावयाचे, हे माईंचे पहिले सूत्र. ते समजले की पुढचे अर्धे आपोआप समजते.

गालिचा मळतो म्हणजे नेमके काय होते, याविषयी आपल्या कल्पना फार भाबड्या आहेत. आपल्याला डाग दिसतो म्हणून आपण डागाला भितो. गालिच्याचा खरा शत्रू दिसत नाही. पायांबरोबर आलेली बारीक वाळू लवेतून खाली उतरते आणि गाठीच्या मुळाशी जाऊन बसते. मग वरून पडणाऱ्या प्रत्येक पावलासरशी तिचे धारदार कण लोकरीचा धागा मुळातून कापू लागतात. वरून टवटवीत दिसणारा गालिचा आतून असा झिजत असतो. म्हणून त्याला अधूनमधून पालथा घालून पाठीवर हलक्या हाताने थोपटावे, वाळू आपल्याच वजनाने बाहेर पडते. तरणाताठा गालिचा दोरीवर टाकून वेताने झोडपला तरी चालतो. म्हाताऱ्या गालिच्याच्या ताण्याबाण्यात तेवढा जीव नसतो. विजेचा व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. तोही गोल फिरणारा ब्रश काढून, लवेच्या दिशेने आणि झालरीपासून चार बोटे दूर ठेवून वापरावा लागतो. झालर म्हणजे शोभेसाठी शिवलेली किनार नव्हे. ती त्या गालिच्याच्या ताण्याची, म्हणजे त्याच्या कण्याची, उघडी राहिलेली टोके असतात. त्यांना यंत्राने ओढणे म्हणजे हाडाला हात घालणे.

१९८२ साली यजमानांची काही महिन्यांसाठी श्रीनगरला नेमणूक झाली. तिथून आम्ही जो गालिचा आणला तो घरातली सर्वांत महाग वस्तू ठरला. चार फूट बाय सहा फूट, लोकरीचा, इंचात अठरा गुणिले अठरा गाठी. घरी आल्यावर मुलाने पाटीवर गुणाकार केला. अकरा लाखांहून अधिक गाठी भरल्या. आम्ही चौघे त्या आकड्याकडे पाहत बसलो. त्यावर पाऊल ठेवण्याचा धीर आठवडाभर कोणाला झाला नाही. शेवटी माईच आपली खुर्ची त्यावर ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “पायांसाठी केलंय ना? मग पाय लागू देत.” काश्मीरच्या कारखान्यांत नक्षी चित्रावरून विणत नाहीत. ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत कागदाच्या पट्टीवर गाठींचा हिशेब लिहिलेला असतो. एक जण ती मोठ्याने, गाण्यासारख्या सुरात वाचतो आणि बाकीचे हात चालवतात. आमच्या पायाखालचा गुलाब अशा रीतीने आधी ऐकला गेला आणि मग दिसू लागला, ही कल्पना मला आजही सुखावते.

त्या सुखाला एक काटाही आहे आणि तो बाजूला ठेवून गालिच्याविषयी लिहिता येत नाही. त्या काळी मिर्झापूर-भदोहीकडचे विक्रेते अभिमानाने सांगत, की इतकी बारीक गाठ लहान बोटांनाच जमते. ते खरे नव्हते. बारीक गाठ मोठ्या, सरावलेल्या बोटांनाही जमते, लहान बोटे स्वस्त मिळत एवढेच. १९८६ च्या कायद्याने ज्या धंद्यांत मुलांना राबवण्यास बंदी घातली त्यांत गालिचा-विणकामही होते. १९९४ मध्ये ‘रगमार्क’ची खूण आली, ती आता ‘गुडवीव्ह’ या नावाने चालते. पुढे २०१६ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यावरची बंदी जवळजवळ सर्वच धंद्यांना लागू झाली. आमचा गालिचा या सगळ्याच्या आधीचा आहे. त्याची पाठ झाडताना अकरा लाख गाठींच्या मागे कोणाची बोटे असतील, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. बोटांच्या मालकाला मी काही परत देऊ शकत नाही. त्याचे काम वाया जाऊ न देणे एवढेच हाती उरते, आणि ते मी करते.

कैद्यांच्या बोटांचीही एक कथा या धंद्यात गुंतलेली आहे. इंग्रजी अमलात तुरुंगांतून गालिचे विणवून घेत. आमच्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातल्या गालिच्यांना नाव होते. विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांचे नमुने तिथे उतरवले गेले. आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला एक अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी विंडसरच्या राजवाड्यात गेला. १९९२ साली तिथे आग लागली तेव्हा सैनिकांच्या तुकडीने तो गुंडाळून बाहेर काढला. ज्यांना चार पावलांपलीकडे फिरण्याची मुभा नव्हती, त्यांनी परक्यांच्या पावलांसाठी एवढे विस्तीर्ण मैदान विणावे, यातला विरोधाभास मी उगाच ताणत नाही.

पुढल्या वर्षांत घरात नाना प्रकार जमत गेले. दिल्लीत हिवाळ्याबरोबर पाठीवर गाठोडी घेऊन काश्मिरी फेरीवाले येतात. त्यांच्याकडून एक नमदा घेतला. नमदा विणलेला नसतोच. पाणी, साबण आणि दाब यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून त्याचे जाड कापड घडवतात आणि वर आरीने साखळी-टाका घालतात. पाण्यातून जन्मलेली ही वस्तू पाण्यालाच भिते. गरम पाण्यात घातली तर तंतू आणखी आवळतात आणि नमदा आखडून बसतो. त्याला मऊ ब्रश आणि कोवळे ऊन पुरे. तागाचे आसन असेच पाण्याशी वैर धरते. भिजले की त्यावर तपकिरी वलये उमटतात आणि ती जन्मभर राहतात. काथ्याचे पायपुसणे मात्र खरे कोकणी-मलबारी वृत्तीचे. भिजवा, आपटा, उन्हात टाका, त्याची तक्रार नाही. सतरंजीचे तर विचारूच नका. सूत ओले झाले की कमकुवत न होता उलट बळकट होते. म्हणून ती थंड पाण्यात बुचकळून, दोन जणांनी दोन टोके धरून पिळता येते. फक्त पहिल्या धुण्याला तिच्याबरोबर दुसरे काही भिजवू नये, आणि कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून तिचा रंग सुटतो का ते आधी पाहावे. हेच फडके लोकरी गालिच्यालाही लावावे. रंगाचा स्वभाव कळल्याशिवाय त्याच्या जवळ पाणी नेऊ नये.

भाच्याने मोठ्या हौसेने भेट दिलेला एक ‘रेशमी’ गालिचाही आमच्याकडे आहे. तो रेशमी नाही. पाठीमागच्या कोपऱ्यातला एक तंतू काढून माईंनी तो दिव्यावर धरला. तो कागदासारखा जळला, कागदाचाच वास आला. खरे रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नायलॉनसारखे कृत्रिम धागे वितळून त्यांचा टणक मणी होतो. हा कागदी स्वभावाचा धागा म्हणजे व्हिस्कोस. चकाकी रेशमाची, पण पाण्याचा थेंब पडला की पिवळा डाग आणि बसलेली लव. माईंनी भाच्याला काही सांगितले नाही. तो आला की तो गालिचा बैठकीत दिसायचा, एवढे खरे. यांत्रिक टाक्यांचे, पाठीला रबराचा चीक लावलेले गालिचे आता सर्वत्र मिळतात. त्यांत गाठ नसते, धागा चिकाच्या भरवशावर उभा असतो. काही वर्षांनी चीक सुकून त्याची भुकटी फरशीवर पडू लागली, की त्यांचे आयुष्य संपले असे समजावे. त्यांना भिजवून धुणे म्हणजे ती वेळ जवळ आणणे. त्यांची मी निंदा करीत नाही. ज्याला दोन वर्षांनी घर बदलायचे आहे त्याच्यासाठी ते ठीक आहेत.

डागांविषयी माईंचे शास्त्र थोडक्यात असे: पळू नये, घासू नये, गरम पाणी आणू नये. सांडलेले घट्ट असेल तर चमच्याने उचलावे, पातळ असेल तर पांढऱ्या सुती कापडाने कडेकडून मध्याकडे टिपत यावे. घासले तर डाग पसरतो आणि लवही मोडते. गरम पाण्याने चहातले दूध तंतूत पक्के बसते. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या आपल्या बायकांना त्यात नवल वाटू नये, साबणातला क्षार तेच काम करतो. लोकर धुण्यास सोडा कधीही वापरू नये, क्षाराने ती खरखरीत होते आणि तुटते. रिठ्याचे कोमट होऊन निवलेले पाणी तिला मानवते. आणि काही झाले तरी पाठ पूर्ण वाळल्याशिवाय गालिचा जमिनीला टेकू द्यायचा नाही, कारण वर लोकर असली तरी आतला ताणाबाणा बहुधा सुताचा असतो, आणि ओले सूत कुजते.

कसरीचे प्रकरण वेगळेच. उडणारा तो फिका पतंग लोकर खात नाही, त्याला खाण्यायोग्य तोंडच नसते. खाते ती त्याची अळी. तिला अंधार आणि शांतता हवी असते, म्हणून ती पलंगाखाली, कपाटाच्या आड, जिथे आपली पावले जात नाहीत तिथे नांदते. ज्या गालिच्यावर रोज वावर आहे त्याला कसर सहसा लागत नाही. जो जपून बाजूला ठेवला त्याला लागते. माई गुंडाळीत वेखंड आणि वाळलेला कडुनिंब घालीत. डांबराच्या गोळ्यांना त्यांनी घरात थारा दिला नाही, आणि त्यांचे बरोबरच होते, कारण त्या धुराचा तान्ह्या मुलांना अपाय होऊ शकतो. वस्तुसंग्रहालयांत आता अशी वस्त्रे प्लॅस्टिकमध्ये बंद करून काही दिवस गोठवतात. सैबेरियाकडच्या अल्ताय पर्वतात, पाझिरिक येथे १९४९ साली सापडलेला जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा गालिचा गोठल्यामुळेच वाचला. थडग्यात चोर शिरले, त्यांनी केलेल्या वाटेने पाणी आत गेले आणि त्याचे बर्फ झाले. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे.

हे सारे ज्ञान १९९८ च्या हिवाळ्यात एका वेगळ्या कामी आले. माई तेव्हा ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. चालणे काठीवर आले होते, आणि रात्री न्हाणीघरापर्यंत पोहोचणे कधी जमे, कधी जमत नसे. डॉक्टरांनी खोलीतला गालिचा उचलायला सांगितले. म्हाताऱ्या माणसांचा पाय त्याच्या कडेला अडकतो आणि पडणे होते, आणि ते म्हणत होते त्यात खोट नव्हती. यजमानांनी ठरवलेही. माई काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून त्यांनी पाय खाली सोडले आणि फरशीला टेकताच झटकन वर घेतले. “ही बाजू कुठली, कळत नाही गं,” एवढेच म्हणाल्या. डोळे अधू झाल्यापासून त्या तळपायाने लवेची दिशा ओळखून चालत होत्या, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. पाय सुळसुळीत गेला की दार, खरखर लागली की खिडकी.

मग आम्ही मधला मार्ग काढला. गालिच्याच्या चारही कडांखाली न घसरणारे जाळीचे कापड घातले, कोपरे पलंगाच्या आणि कपाटाच्या पायांखाली दाबून घेतले आणि श्रीनगरचाच गालिचा तिथे अंथरला, कारण त्याची लव दाट होती आणि दिशा स्पष्ट. रात्री गालिचा ओला होई. तान्ह्या मुलाचे आणि म्हाताऱ्या माणसाचे पाणी रसायनाच्या दृष्टीने एकच, पण एकाचे पुसताना आपण हसतो आणि दुसऱ्याचे पुसताना दार लोटून घेतो. ताजे असते तेव्हा ते सौम्य असते. राहू दिले तर त्याचा अमोनिया होतो, तो रंग उडवतो आणि वास सोडतो. म्हणून मी पहाटे चारला उठे. आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपायचे, मग गार पाण्याने, मग एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरात चार वाट्या पाणी घालून त्याने, पुन्हा गार पाण्याने, आणि शेवटी त्या जागेखाली उलटे ताट सरकवून वारा खेळता ठेवायचा. उजाडेपर्यंत वरून कोरडे वाटे. लोकरीचा हा मोठा गुण, आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल ती पोटात घेते आणि हाताला कळू देत नाही.

माईंना ते कळत होते का? व्हिनेगरचा वास लपत नाही, आणि ते मिश्रण मला त्यांनीच शिकवले होते. एकदा मी टिपत असताना अंधारातून त्यांचा आवाज आला, “कडेकडून आत ये हं.” मी “हो, माई,” म्हटले. त्याविषयी आमच्यात पुढे कधीही बोलणे झाले नाही. त्या दोन हिवाळे त्या गालिच्यावरून चालल्या आणि एकदाही पडल्या नाहीत.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. १८९३ साली तो तिथे आला तेव्हा त्याच्या पूर्णत्वाचे कौतुक झाले. त्याचा एक जोडीदार होता, आणि एकाला अखंड करण्यासाठी दुसऱ्याचे तुकडे कापून वापरले होते, हे नंतर उघड झाले. आता त्याचे रंग राहावेत म्हणून त्याच्यावरचे दिवे थोड्या थोड्या वेळापुरतेच लावतात. इराणात काशानजवळ मशहद-ए-अर्दहाल येथे शरदात एका गालिच्याला समारंभपूर्वक धुतात. ज्या संतपुरुषाचा देह मारेकऱ्यांच्या हल्ल्यानंतर गालिच्यात गुंडाळून नेला, त्याच्या स्मरणार्थ. या विधीला २०१२ साली युनेस्कोने आपल्या यादीत स्थान दिले. आणि आमच्याच मराठी इतिहासातले खंडेराव गायकवाड. त्यांनी बडोद्यास बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा करवून घेतला, तो २००९ मध्ये दोह्यात लिलावात गेला. एकावर उजेड पडू द्यायचा नाही, दुसऱ्याला वर्षातून एकदा धुवायचे, तिसऱ्यावर कोणी कधी चालणारच नाही. मला विचाराल तर यांतला दुसरा मला कळतो.

माईंनंतर तो गालिचा मी एका काश्मिरी कारागिराकडे दाखवला. त्याने पाठ उलटून बोटांनी चाचपली. दोन ठिकाणी ताणा कच्चा झाला होता, तेवढ्या गाठी त्याने नव्याने घातल्या. एका बाजूचा लाल रंग जरा उतरला आहे, तो मात्र त्याने तसाच ठेवायला सांगितला. रंग भरला तर लोकर जाईल, म्हणाला. मुलगी कॅनडात असते. तिच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला नायलॉनचा गालिचा आहे, तो उचलता येत नाही, झटकता येत नाही, त्याची पाठ कोणी कधी पाहिलेली नाही. वर्षातून एकदा माणसे यंत्र घेऊन येतात. तिने माझ्याकडून निळ्या पट्ट्यांची सतरंजी मागून नेली आणि त्या नायलॉनवर ती अंथरली आहे.

इथे दर दिवाळीनंतर मी श्रीनगरचा गालिचा काढते. कापडी अभ्रा सोडायचा, वेखंडाची पुरचुंडी बाजूला ठेवायची, गच्चीवर पालथा घालून थोपटायचा. मग मागल्या वर्षी खिडकीकडे असलेले टोक यंदा दाराकडे, म्हणजे ऊन आणि पावले दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातात. यंदा फिकट लाल कडेची पाळी दाराशी आहे. आत येताना पाय खरखरीत लागतो.